‘ड’ यादीतले सदतीस नग

हरिहर गणपुले यांनी तेहेतीस वर्षं ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयाचं रेकॉर्ड सांभाळलं आणि त्या तेहेतीस वर्षांत तिथला एकही कागद हरवला नाही. हे वाक्य निरोपसमारंभात साहेबांनी एकदा म्हटलं होतं. त्यानंतर हरिहररावांनी ते डोंबिवली पश्चिमेला भेटलेल्या प्रत्येक माणसाला म्हटलं होतं, त्यात दूधवाला आणि गॅसचा सिलिंडर आणणारा माणूसही आला. “कागद कधी हरवत नाही,” ते म्हणत, “माणूस शोधायला कंटाळतो.” समोरचा माणूस तोवर ऐकायला कंटाळलेला असे, पण ते त्यांच्या ध्यानात येत नसे.

तर अशा माणसानं एकोणीसशे नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या हातानं, पाऊण तासात काय काय घालवलं ते ऐकण्यासारखं आहे.

सुरुवात कलावतीबाईंनी केली. दसरा जवळ आला की त्यांच्या अंगात साफसफाईचं वारं शिरत असे. माळ्यावरचे डबे खाली आले, पितळी भांडी चिंचेत बुडाली, पंख्याची पाती उतरली, आणि मग त्यांची नजर हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे वळली. हा कॉम्प्युटर हरिहररावांनी निवृत्तीनंतर हौसेनं घेतला होता. त्याला कलावतीबाईंनी जुन्या पडद्याचा झालरवाला अभ्रा शिवला होता.

“अहो, दसऱ्याला त्याची पूजा करायची ना? मग ते आधी स्वच्छ करा. किती घाण साचली असेल आत.”

त्यांच्या मनात ओलं फडकं होतं. हरिहररावांनी मात्र ‘आत’ हा शब्द उचलला. त्यांनी चष्मा पुसला, अभ्रा काढून घडी घातली आणि यंत्र सुरू करून ते खरोखरच आत शिरले.

आत त्यांना जे दिसलं ते पाहून त्यांच्यातला रेकॉर्डकीपर जागा झाला. सरकारी दप्तरात प्रत्येक कागदाला वर्ग असतो. ‘अ’ म्हणजे कायम ठेवायचा, ‘ब’ म्हणजे तीस वर्षं, ‘क’ म्हणजे थोडी वर्षं, आणि ‘ड’ म्हणजे वर्ष उलटलं की नष्ट. इथे तर कसला वर्गच नव्हता, सगळं एका ढिगात. एक कप्पा होता, त्याच्या नावातच ‘तात्पुरते’ असं लिहिलेलं. तो सरळ ‘ड’. दुसरा इतिहासाचा, आणि तो इतिहास वीस दिवसांच्या मागे जातच नव्हता. वीस दिवसांचा कसला इतिहास? ‘ड’. तिसऱ्यावर ‘कुकीज’, म्हणजे चक्क बिस्किटांचं नाव. नाशवंत माल, ‘ड’. चौथा होता आवडत्या जागांचा. त्यात त्यांनी पाहिलेल्या आणि पुन्हा पाहण्यासाठी ठेवलेल्या सदतीस जागांचे पत्ते होते. हरिहरराव क्षणभर थांबले. पण कोणाच्या आवडीनिवडीला दप्तरात जागा देणं हे त्यांनी तेहेतीस वर्षांत कोणत्याही साहेबासाठी केलं नव्हतं, मग स्वतःसाठी कसं करणार? ‘ड’.

सर्वांत शेवटी एका पानावर त्यांना कळलं, की हे यंत्र त्यांचे परवलीचे शब्दही स्वतःपाशी साठवून ठेवत होतं. हे वाचून ते खुर्चीत ताठ झाले. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवायची! त्या पानावर सगळे शब्द पुसण्याचं एक बटण होतं. त्यांनी ते दाबलं. ‘नक्की ना?’ असं यंत्रानं विचारलं. यंत्र काय, एकदा एका उपसंचालकांनीही त्यांना असंच विचारलं होतं. त्यांनी तेव्हा दिलं होतं तेच उत्तर आताही दिलं. मग केराची टोपलीही रिकामी केली, कारण नष्ट करणं म्हणजे नष्ट करणं.

नियमाप्रमाणे नष्ट केल्याचा दाखला हवा. त्यांनी लांब वहीचं पान आखलं आणि वर ‘ड यादी’ असं लिहिलं. ‘ड’ वर्गात कागदाचं नाव लिहीत नाहीत, नुसती संख्या लिहितात. त्याप्रमाणे: तात्पुरते, ६१२ नग. बिस्किटे, २१४ नग. आवडते, ३७ नग. परवलीचे शब्द, सर्व. खाली साक्षीदाराची रेघ. कलावतीबाईंनी चिंचेचे हात पदराला पुसून सही केली.

“काय होतं यात?”

“काही नाही. रद्दी.”

हा झाला गुरुवार.

आता इथे सखुबाईंची ओळख करून द्यायला हवी, कारण या रद्दीत त्यांचा जीव अडकला होता. गणपुले राहत ती ‘गोमाजी निवास’ ही तीन मजली इमारत सखुबाईंच्या नवऱ्याच्या शेतावर उभी होती. गोमाजी गेले, शेत गेलं, खाडीकडची मिठागरं तर त्याआधीच गेली होती. इमारतीच्या पुढ्यात सखुबाईंचं कौलारू घर आणि त्याचा सारवलेला ओटा तेवढा राहिला होता. थोरला काळुराम वाळूच्या गाड्या चालवण्यात गुंतलेला, धाकटा गुणाजी मालवाहू जहाजावर खलाशी, आणि मुलगी तुळसा, जिचं लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं.

गुणाजी आधी बंदरातून कार्ड टाकायचा. ते तो घरी येऊन गेल्यावर पोचायचं. एप्रिलात जाताना हरिहररावांनीच त्याला सांगितलं, “मी इंटरनेटवर टपालाचं खातं उघडतो. तू बंदरात लागलास की तिथून पाठव, मी तुझ्या आईला वाचून दाखवीन.” आणि इमारतीतल्या या एकमेव टपालकचेरीचं काम ते मोठ्या निष्ठेनं करत आले होते. गुणाजी मराठीच लिही, पण इंग्रजी अक्षरांत. हरिहरराव शनिवारी ते सुवाच्य देवनागरीत उतरवून काढत, खाली ‘खरी नक्कल’ लिहून सही करत, आणि रविवारी सकाळी ओट्यावर बसून सखुबाईंना वाचून दाखवत. ती नक्कल मग सखुबाईंच्या पेटीत जाई. कधीही एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. गोल शिक्का तेवढा नव्हता, याची त्यांना रुखरुख होती.

वाचन झालं की सखुबाई जेवायला वाढत. इथे एक नाजूक मुद्दा येतो. गणपुल्यांच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा दाराबाहेर असे. गुणाजी गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी, खातं उघडायच्याही आधी, सखुबाईंनी तांदळाच्या भाकरीबरोबर चिंबोरीचा, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांचा, लालभडक रस्सा पुढे ठेवला. हरिहररावांनी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. पण रश्शाच्या वासानं त्यांचा शब्द घशातच राहिला, आणि उघडलेलं तोंड त्यांनी मग दुसऱ्या कामासाठी वापरलं. तीन चिंबोऱ्या. घरी आल्यावर कलावतीबाईंनी विचारलं, “काय जेवलात?” तेव्हा ते म्हणाले, “वालाचं बिरडं. फार सुरेख करतात.”

सखुबाईंनी गुणाजीला पाठवायच्या उत्तरात ‘काकांनी तीन खाल्ल्या’ असं लिहायला लावलं, आणि खरी नक्कल म्हणजे खरी नक्कल, म्हणून हरिहररावांनी तेही लिहिलं. तेव्हापासून गुणाजीचं प्रत्येक पत्र एकाच ओळीनं सुरू होई: ‘आई, काकांना चिंबोऱ्या दिल्यास का?’ श्रावण आणि नवरात्र सोडलं तर सखुबाईंनी एकही रविवार चुकवला नव्हता. आणि घरी हरिहररावांनी बिरड्याची स्तुती चुकवली नव्हती.

तर येत्या रविवारचं पत्र महत्त्वाचं होतं. तुळसाच्या लग्नाला दोन तारखा निघाल्या होत्या, एक नोव्हेंबरातली आणि एक डिसेंबरातली. जहाजावरून कधी सुटका होईल ते गुणाजी कळवणार होता. “भावाशिवाय हलद लागायची नाय,” असं सखुबाईंनी काळुरामला बजावलं होतं. मांडववाला, बँडवाला आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण, तिघांनाही सोमवारी नक्की काय ते सांगायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी हरिहरराव टपाल काढायला बसले. मोडेमनं नेहमीप्रमाणे खरखर केली, जोडणी झाली, आणि ते नेहमीच्या आवडत्या जागेवर टिचकी मारायला गेले. तिथे काही नव्हतं. आवडते, सदतीस नग. टपालखात्याचा पत्ता काय, हे त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. टिचकी मारली की ते यायचं.

त्यांनी खालच्या मजल्यावरच्या बाळ खारकरला बोलावलं. हा बँकेत होता आणि कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केल्याचं प्रमाणपत्र त्यानं हॉलमध्ये लावलेलं होतं.

“काका, फेव्हरिट्स उडवलेत तुम्ही?”

“उडवले नाहीत. वर्गीकरण करून नष्ट केले.”

“आणि पासवर्ड?”

“तेही.”

“मग आठवतो ना?”

हरिहरराव हसले. परवलीचा शब्द त्यांनी अशा खुबीनं बनवला होता, की जगातल्या कोणालाही तो ओळखता येऊ नये. गोपनीय बाब म्हणून कुठे लिहूनही ठेवला नव्हता. आता त्या जगात तेही आले, हे त्यांना तीन वेळा चुकल्यावर समजलं.

“होतं असं,” बाळ म्हणाला.

“माझ्या बाबतीत होत नाही,” हरिहरराव म्हणाले. “उद्या ठाण्याला जाऊन अर्ज देतो.”

शनिवारी ते नौपाड्यात, ज्या कंपनीकडून इंटरनेटची जोडणी घेतली होती तिच्या ऑफिसात गेले. अर्ज तीन प्रतींत होता, विषय आणि संदर्भ घालून. काउंटरवरच्या मुलीनं तो पाहिला आणि म्हणाली, “काका, हे टपालखातं आमचं नाहीये. ते अमेरिकेतल्या कंपनीचं आहे, फुकटवालं. त्यांना कळवा.”

“कुठल्या पत्त्यावर?”

“ई-मेल करा ना त्यांना.”

“ई-मेलच उघडत नाही म्हणून तर आलोय.”

“हो, पण ते ई-मेलनंच घेतात.”

हरिहररावांनी तिच्याकडे पाहिलं. ती बिचारी नम्रपणे बोलत होती. तिच्या आवाजात कसलाही खोडसाळपणा नव्हता, आणि तेच त्यांना झोंबलं, कारण ‘नक्कल हवी असेल तर मूळ कागदाची नक्कल जोडा’ असं त्यांनी स्वतः याच नम्रतेनं किती माणसांना सांगितलं होतं. त्यातली काही माणसं शहापूर, मुरबाडहून आलेली असत. त्यांचे चेहरे आज पहिल्यांदाच त्यांना आठवले. ते वळले, तेव्हा मुलगी म्हणाली, “काका, खातं उघडताना एक गुप्त प्रश्न निवडायला लावतात. त्याचं उत्तर दिलंत तर नवीन पासवर्ड मिळतो. कुठला प्रश्न घेतला होतात?”

“आठवेल,” हरिहरराव म्हणाले. “मला सगळं आठवतं.”

ती संध्याकाळ फोन बंद असण्यात गेली, कारण रस्ता कोणीतरी खणला होता. फोन सुरू झाला तो रविवारी सकाळी नऊला, आणि तोवर कलावतीबाईंकडून ही बातमी इमारतभर झाली होती. बाळ आला. शेजारच्या गोदूबाई शेंगा सोलायची परात घेऊनच आल्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण सल्ला द्यायला त्याची अडचण त्यांनी कधी मानली नव्हती.

“माझं ऐका, बंद करून चालू करा. आमचा मिक्सर तसाच होतो,” त्या म्हणाल्या.

बाळनं खातं शोधून काढलं, पासवर्ड विसरल्याचं बटण दाबलं, आणि पडद्यावर प्रश्न उमटला. बाळनं तो सगळ्यांसाठी मराठीत सांगितला. “तुमचा सर्वांत आवडता पदार्थ कोणता?”

हरिहररावांना लख्ख आठवलं. एप्रिलातला रविवार, नुकतंच जेवून आलेले, कलावतीबाई देवळात गेलेल्या, घरात कोणी नाही. अमेरिकेतल्या कोण्या अनोळखी यंत्रानं विचारलं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. आठ इंग्रजी अक्षरं. आता ती अक्षरं त्यांच्या जिभेवर होती आणि खुर्चीच्या मागे कलावतीबाई उभ्या होत्या.

“त्यात विचार काय करायचा?” कलावतीबाई म्हणाल्या. “उकडीचे मोदक. घाल रे बाळ.”

बाळनं घातलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. चूक.

“चूक कसं? मोदक नाही?” कलावतीबाईंचा चेहरा उतरला. “एकतीस वर्षं मी प्रत्येक चतुर्थीला...”

“घाईत काहीतरी लिहिलं असेल गं,” हरिहरराव म्हणाले. “बाळ, श्रीखंड घाल.”

चूक. गोदूबाईंनी साबुदाण्याची खिचडी सुचवली, आणि ती चुकल्यावर ‘दाणे कमी पडले असतील’ असं म्हणाल्या. बाळनं हात वर केले. “काका, तीन झाली. पाच वेळा चुकलं की ही कंपनी खातं दोन दिवस बंद ठेवते.”

खोलीतली माणसं तासाभरासाठी कुठे पाठवता येतील याचा हरिहरराव विचार करत होते. सिनेमा? देऊळ? एवढ्यात कलावतीबाईंनी टाळी वाजवली.

“सापडलं! अहो, वालाचं बिरडं! सखुबाईंकडचं! दर रविवारी येऊन सांगता की नाही, असं बिरडं खाल्लं नाही म्हणून?”

“अगं, ते...”

“तेच असणार. माझ्या मोदकांपेक्षा आवडतं तर आवडतं, मला त्याचं काही वाटणार नाही. घाल बाळ.”

बाळनं घातलं. अमेरिकेनंही बिरडं नाकारलं. चार झाली.

“आता कोणी बोलू नका,” हरिहरराव खड्या आवाजात म्हणाले. “मला एकांत हवा आहे. अशा बाबी गर्दीत होत नसतात.” आणि ते सगळ्यांना हात करून दाराकडे वळवणार, तोच दारात सखुबाई उभ्या दिसल्या. बाईंचे गुडघे धरलेले, तीन जिने त्या कधी चढत नसत. आज चढल्या होत्या. मागे तुळसा होती.

“भाऊ, तू आला नाय आज? धा वाजलं. मी ओट्यावर बसून र्‍हायलेय.”

हरिहररावांपुढे दोन वाटा होत्या. ‘माझ्याकडून किल्ली हरवली’ असं सांगायचं, किंवा वेळ मारून न्यायची. तेहेतीस वर्षांची कीर्ती पणाला लागली की माणूस कोणती वाट धरतो ते सांगायला नको. “येतच होतो, बसा,” ते म्हणाले, आणि टेबलावरचा एक कागद उचलून, चष्मा नाकावर सरकवून, त्यांनी खणखणीत वाचायला सुरुवात केली.

“ती. आईस, साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. हवा चांगली आहे. समुद्र शांत आहे. तुळसाच्या लग्नाची तारीख पुढच्या पत्री नक्की कळवतो. काळजी नसावी. तुझा गुणाजी.”

डोळ्यांसमोर लिहिलेलं होतं: तात्पुरते ६१२, बिस्किटे २१४, आवडते ३७. हातात ‘ड’ यादी होती.

“झाला?” सखुबाईंनी विचारलं.

“झालं.”

“पयली ओल नाय वाचलीस.”

“वाचली की. साष्टांग नमस्कार.”

“ती नाय.” सखुबाई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. “त्याचा कागद कसा चालू होतं ते तुना म्हाईत हाय आणि मना म्हाईत हाय. साष्टांग नमस्कार त्यानं जन्मात घातला नाय.”

ती ओळ हरिहरराव कलावतीबाईंच्या देखत कशी वाचणार होते? म्हणून तर गाळली होती.

सखुबाईंचा आवाज एकदम खाली आला. “भाऊ, हा माज्या पोऱ्याचा कागद नाय. काय झालाय त्याला? बोट बुडाली काय?”

“छे छे, सखुबाई, भलतंच काय!”

“मंग खोटा कागद का वाचतंस? गोमाजी गेला तवा पन लोकांनी मना दोन दिस सांगितला, हास्पिटलात बरा हाय, बरा हाय.” त्या दाराशीच खाली बसल्या. तुळसानं त्यांना धरलं. ती एकटक हरिहररावांच्या हातातल्या कागदाकडे पाहत होती. गोदूबाईंचा शेंगा सोलणारा हात थांबला.

हरिहररावांना लाज वाटली. उगीच थोडीशी नव्हे, चांगली कानशिलं तापवणारी लाज. रेकॉर्डमधून कागद हरवणं हा गुन्हा खरा, पण त्याहून मोठा एकच गुन्हा असतो, खोटी नक्कल देणं, आणि ती त्यांनी आज एका आईला दिली होती, स्वतःची अब्रू राखायला. त्यांनी कागद खाली ठेवला.

“सखुबाई, गुणाजीला काही झालेलं नाही. म्हणजे, झालंय की नाही हे मला माहीतच नाही. हे पत्र माझ्या मनातलं होतं. साफसफाई करताना मीच पेटीची किल्ली घालवली.” ते घसा खाकरून पुढे म्हणाले, “पण उत्तर मला ठाऊक आहे. सकाळपासून ठाऊक आहे. बाळ, ऊठ.”

“काका, शेवटचा चान्स आहे हां.”

“ऊठ म्हणतो ना.”

ते खुर्चीत बसले आणि एका बोटानं एक एक कळ दाबू लागले. कलावतीबाई पाठीमागून अक्षरं जुळवत होत्या. “चिं... बो...” आठवं अक्षर पडलं. “चिंबोरी?” कलावतीबाई म्हणाल्या. हरिहररावांनी मागे न पाहता शेवटची कळ दाबली.

खातं उघडलं. वर गुणाजीचं पत्र होतं, गुरुवारचं. म्हणजे इथे बिस्किटांचा निकाल लागत होता त्याच दिवशी ते येऊन पडलं होतं. हरिहरराव उभे राहिले, आणि नक्कल वगैरे न करता, पडद्यावरून थेट, एकही शब्द न गाळता वाचू लागले.

“‘आई, नवरात्र संपला की काकांना चिंबोऱ्या दे. मागच्या वेळेला पाच खाल्ल्या म्हणालीस, या वेळेला सहा दे.’”

“पाच,” कलावतीबाई म्हणाल्या.

“‘आमची बोट अठरा नोव्हेंबरला कांडल्याला लागते. माझी सुटी मंजूर झाली. वीसला घरी. नोव्हेंबरची तारीख धर. तुळसाला सांग, तिच्यासाठी साडी नाय घेतली, घड्याळ घेतलाय. बँड चांगला सांग, मागच्या वेळेसारखा नको. गुणाजी.’”

सखुबाई रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम. तुळसा “घड्याल!” एवढंच म्हणाली आणि जिना उतरून काळुरामला सांगायला पळाली. सखुबाईंनी दोन्ही हातांनी हरिहररावांच्या डोक्यावरून बोटं मोडली. “आता हा माज्या पोऱ्याचा कागद,” त्या म्हणाल्या. “आता बराबर.”

कलावतीबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

“सखुबाई,” त्या शांतपणे म्हणाल्या, “मी दसरा झाला की तुमच्याकडे वालाचं बिरडं शिकायला येणार होते.”

“बिरडा?” सखुबाईंनी पदरानं डोळे पुसले. “रविवारी? आमच्यात रविवारी कोन बिरडा करतं गो बाय?”

गोदूबाईंनी परात उचलली आणि घरी दूध ठेवलंय म्हणून सांगितलं. बाळलाही बँकेचं काम आठवलं. तो रविवार होता, पण कोणी ते बोलून दाखवलं नाही. सखुबाई कठड्याला धरत एक एक पायरी उतरत गेल्या, आणि मग घरात दोघंच उरले.

हरिहरराव मान ताठ ठेवून कामाला लागले. त्यांनी नवा परवलीचा शब्द घातला, लांब वही उघडली, नवं पान आखलं, वर ‘अ यादी, कायम’ असं लिहिलं आणि टपालखात्याचा पत्ता, शब्द, प्रश्न आणि उत्तर हे सगळं सुवाच्य अक्षरात नोंदवलं. झालं ते झालं, व्यवस्था तर पक्की झाली, असं त्यांना वाटत होतं. उरलेल्या छत्तीस आवडत्या जागांपैकी त्यांना एकही आठवत नव्हती, यावरून त्या ‘ड’ वर्गातल्याच होत्या हेही सिद्ध झालं होतं.

“ती वही द्या इकडे,” कलावतीबाई म्हणाल्या.

त्यांनी ‘अ’ यादी वाचली. मग पान उलटून गुरुवारची ‘ड’ यादी काढली. परवलीच्या शब्दांच्या खाली, त्यांच्या सहीच्या वर, एक ओळ रिकामी होती. त्यांनी त्या ओळीवर आपल्या गोल अक्षरात लिहिलं: ‘वालाचं बिरडं, सहा महिने, नष्ट केले.’ आणि वही पुन्हा हरिहररावांपुढे सरकवली.

“साक्षीदाराची सही करा,” त्या म्हणाल्या.

हरिहररावांनी टोपण काढलं, तारीख घातली, आणि नियमाप्रमाणे सही केली.